सेक्रेटरींच्या पोटऱ्या

आमच्या दूध संस्थेच्या दारातून दोन्ही हातांत कॅन धरलेला माणूस सरळ आत येऊ शकत असे. सेक्रेटरी मात्र रिकाम्या हातानं येतानाही अंग तिरपं करून यायचे. आपले खांदे दारात मावत नाहीत अशी त्यांची समजूत होती, आणि ती मोडण्याच्या भानगडीत कोणी पडलं नाही. आत आले की लगेच बसत नसत. काखेत गळू झालेल्या माणसासारखे दोन्ही हात अंगापासून लांब धरून टेबलाजवळ उभे राहायचे आणि विचारायचे, "काय म्हनतंय आज दूध?" मी फॅट सांगायचो. मग ते बसायचे.

चौसाळ्याच्या अलीकडं, हायवे सोडून थोडं आत गेलं की आमचं गाव. मी संस्थेत टेस्टर होतो. म्हणजे सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या दुधाचा नमुना घ्यायचा, फॅट काढायची आणि शिव्या खायच्या. ते संस्थेचे सचिव, पण सचिव हा शब्द फक्त शिक्क्यावर होता. गावाला ते सेक्रेटरीच. कोणी प्रेमानं पैलवान म्हटलं तर त्यांना राग यायचा. "पैलवान पोट घिऊन फिरतो बे," ते म्हणायचे, "मपली लाइन येगळी हाय."

त्यांची लाइन शरीरसौष्ठवाची होती. आमच्या भागात तोवर अंग कमावणं म्हणजे कुस्ती, आणि कुस्ती म्हणजे कोणाला तरी पाडणं. कोणालाच न पाडता नुसतं उभं राहायचं, अंगाला तेल लावून आणि लंगोटाहून थोड्याशाच मोठ्या चड्डीवर, हे गावाला समजायला वेळ लागला. चेअरमन वयस्कर, जुन्या वळणाचे, चांगल्या जमिनीचे धनी. त्यांनी पहिल्यांदा स्पर्धेचा फोटो पाहिला तेव्हा बराच वेळ निरखून विचारलं, "मग हरलं कोन?"

सेक्रेटरींच्या बोलण्यात शरीर आणि सहकार यांची सरमिसळ असायची. छाती म्हणजे चेअरमन. दंड म्हणजे संचालक मंडळ. पोट म्हणजे विरोधी गट, त्याला कायम दाबून ठेवावं लागतं. पोटऱ्यांवर मात्र त्यांचा मनापासून राग होता. वरचं अंग असं भरलेलं की शर्टाची बटणं काजांशी बोलत नसत, आणि खाली बाभळीच्या दोन फोकांवर सगळा डोलारा. "ह्ये अक्रियाशील सभासद," असं म्हणून ते पँट वर करून दाखवायचे. "बोनस घ्यायला फुडं, मीटिंगला न्हाईत." पोटऱ्यांसाठी त्यांनी काय केलं नाही. संस्थेच्या पायरीवर टाचा अधांतरी ठेवून ते तासन् तास वर-खाली व्हायचे, आणि दूध घालायला आलेल्या बाया बाजूनं वाट काढून जायच्या.

व्यायामशाळा त्यांनीच काढली होती, संस्थेच्या जुन्या पेंडीच्या गोदामात. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी पेंड येणं थांबलं आणि गोदाम मोकळं झालं. गळके कॅन होते, त्यांत गेवराईकडून येणारी वाळू भरून त्यांनी वजनं केली. ट्रकचा एक जुना दांडा आणला. भिंतीवर स्वतःचा मोठा फोटो लावला, त्यात कमरेच्या खालचा भाग नव्हता. गावातली पोरं तिथं येऊ लागली. पुढं आमचा टेम्पोवालाही यायला लागला. तो रोज आमचं दूध शीतकरण केंद्राला पोचवायचा आणि येताना सेक्रेटरींसाठी अंड्यांचे ट्रे आणायचा. सेक्रेटरी अंड्याचं पांढरं तेवढं खायचे. बलक फेकवत नसे म्हणून मला द्यायचे. त्या काळात दूध संस्थेत सगळ्यात झपाट्यानं वजन वाढलं ते माझं.

भेसळीच्या बाबतीत ते फार कडक होते. दुधात पाणी आहे असं मी नुसतं डोळ्यानं खुणावलं तरी ते उठायचे. दंड करत नसत, आरडाओरडा करत नसत. त्याच कॅनमधलं दूध ग्लासात काढून आणणाऱ्यापुढं धरायचे. "आधी तुमी प्या." माणूस म्हणायचा, सेक्रेटरी, आमी घरचंच पितो की. "मग प्या ना. घरचंच हाय." चारचौघांत तो ग्लास संपेपर्यंत ते बाजूला होत नसत. एका पुढाऱ्याच्या भावकीतल्या माणसालाही त्यांनी असं पाजलं. तो निम्मा ग्लास पिऊन म्हणाला, पोट भरलं. सेक्रेटरी म्हणाले, "बसा. भूक लागल्यावर प्या." तो दुपारपर्यंत बसला होता.

त्याहून जास्त राग होता तो पान्ह्याच्या इंजेक्शनवर. म्हैस पान्हा चोरते म्हणून काही लोक धार काढण्याआधी तिला इंजेक्शन टोचायचे. असं दूध सेक्रेटरी घेत नसत. "मुक्या जनावराला सुया टोचून दूध काढता," ते म्हणायचे, "काही लाज?" आणि हे म्हणताना बुडाला उशी घेऊन बसलेले असायचे, कारण आदल्याच दिवशी वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांना सुई दिलेली असायची.

हे गावात सगळ्यांना माहीत होतं. बीडमध्ये पावडरचे डबे विकणारं एक दुकान होतं, तिथून ते लहान बाटल्या आणायचे. स्वतःच्या हातानं स्वतःच्या कमरेला टोचता यायचं नाही. एवढ्या दंडाचा हात मागं वळतच नसे. वहिनींना मात्र सुई चांगली येत होती. त्यांच्या म्हशी, शेरडं, सगळं त्याच बघायच्या. पालीच्या रस्त्याला जनावरांची चारा छावणी लागली तेव्हा तिथल्या डॉक्टरांच्या हाताखाली त्या आपणहून उभ्या राहिल्या. शिंगं मारणारा बैलसुद्धा त्यांच्या हाताखाली गप उभा राहायचा. "वहिनींच्या हाताला दुखत न्हाई" असं लोक म्हणायचे. घरी त्याच हातानं त्या नवऱ्याला टोचायच्या. काय आहे म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "शक्तीचं हाय." त्यांना तसंच सांगितलेलं होतं.

मी एकदा सेक्रेटरींना म्हणालो, "म्हशीला चालत नाही, मग तुम्हाला कसं चालतं?"

त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "म्हशीला कोन इचारतं का बे? तिची मर्जी न्हाई त्याच्यात. म्या मपल्या मर्जीनं घेतो. मपलं शरीर, मपली जबाबदारी. उद्या काय झालं तर मपलं म्या बघीन."

हे "मपलं म्या बघीन" त्यांचं पेटंट वाक्य होतं. डोकं दुखायचं, नाकातून रक्त यायचं, जिना चढताना मधल्या पायरीवर चपलेचा अंगठा बघत थांबावं लागायचं. प्रत्येक वेळी मपलं म्या बघीन. चेहरा कायम उन्हातून आल्यासारखा लाल. आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरनं एकदा त्यांचं बीपी घेतलं. पट्टा दंडाला पुरेना म्हणून ते इतके खूश झाले की आकडा न ऐकताच निघून आले.

मग ती गोष्ट झाली, जिच्यामुळं ते मला आजही पेढा हातात घेतला की आठवतात. दुष्काळाचं दुसरं वर्ष, होळीच्या पुढंमागं. दूध निम्म्यावर आलेलं, निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं अजून परतलं नव्हतं. सेक्रेटरी सकाळी पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. मला वाटलं संस्थेला अनुदान आलं. त्यांनी टेबलावर पाय ठेवला, पँट वर केली आणि म्हणाले, "बघ."

पोटऱ्या वाढल्या होत्या. खरंच वाढल्या होत्या. मोजपट्टी त्यांच्या खिशात होतीच. इतकी वर्षं पायरीवर वर-खाली करून जे झालं नाही ते महिनाभरात झालं होतं. "सभासद कामाला लागले," ते म्हणाले. चेअरमननी पेढा खाल्ला, मी दोन खाल्ले, टेम्पोवाल्यानं पाय चेपून बघितला आणि म्हणाला, "सेक्रेटरी, एक नंबर." त्याचा अंगठा जिथं दाबला होता तिथं खळगा पडला. पिठाच्या गोळ्यात पडतो तसा. आम्ही सगळ्यांनी तो पाहिला. खळगा बराच वेळ भरला नाही. सेक्रेटरी म्हणाले, "नवा मसल असाच असतो. मऊ." कोणाला काही वावगं वाटलं नाही, कारण आम्हा सगळ्यांना ते पेढे खायचे होते.

पायावर सूज येणं म्हणजे काय, हे त्या खोलीत कोणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. म्हशीच्या गळ्याखाली पाणी उतरलं की गावातलं शेंबडं पोर सांगतं, जनावर आतून गेलंय. पण ती म्हैस असते.

स्पर्धा मे महिन्यात होती. एका पुढाऱ्याचा वाढदिवस, चौसाळ्याच्या बाजारतळावर मंडप. सेक्रेटरींची ती शेवटची संधी होती. चाळिशी आली की वेगळ्या गटात टाकतात आणि तो गट, त्यांच्या शब्दांत, पेन्शनरांचा. अंगावरची शीर न् शीर दिसायची तर कातडीखालचं पाणी जायला हवं. त्यासाठी ते दोन दिवस आधी पाणी तोडायचे. वर लघवीच्या गोळ्या घ्यायचे, त्याच दुकानातून आणलेल्या. आणि त्या दिवसांत आमच्या गावाला टँकर एक दिवसाआड यायचा. सगळं गाव घागरी, ड्रम, पाइप घेऊन त्याच्यामागं पळायचं, बायांच्या झिंज्या उपटण्यापर्यंत पाळी यायची, आणि सेक्रेटरी कोरड्या ओठांनी ओट्यावर बसून ते बघायचे. शेजारीण वहिनींना म्हणाली, "तुमचं बरंय बाई. आमचा तर तांब्यावर तांब्या रिचवतो."

गोळ्यांनी पाय उतरले. पोटऱ्या होत्या तशा बारीक झाल्या. सेक्रेटरींना त्याचं फार वाईट वाटलं. "सभासद राजीनामा दिऊन गेले," एवढंच म्हणाले.

पुढारी यायला उशीर होणार हे ठरलेलंच होतं. तोपर्यंत स्पर्धक मंडपामागं पत्र्याखाली उभे, अंगाला काळपट रंग आणि वर तेल. वहिनी बायकांच्या बाजूला कडेला बसल्या होत्या, मी त्यांच्याजवळ उभा होतो. त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. पुढारी आले, सत्कार झाले, सत्कारांना उत्तरं झाली, मग पोरं स्टेजवर आली. सेक्रेटरींनी शेवटची पोझ घेतली. दोन्ही हात वर, मुठी कानाशी, दात आवळलेले. बाकीचे पोझ सोडून खाली उतरले तरी ते सोडेनात. निवेदक माइकवर म्हणाला, "बघा मंडळी, याला म्हणतात कंट्रोल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी तेवढ्या उभ्या राहिल्या. "न्हाई," त्या मला म्हणाल्या, "डोळे बघा त्यांचे. जनावर पडायच्या आधी असं बघतं."

ते मागच्या बॅनरवर पडले. उचलायला पाच-सहा जण धावले, पण तेलामुळं कोणाच्या हातात येईनात. धरलं की सुटायचे. शेवटी सत्काराच्या शालींत गुंडाळून त्यांना आमच्या दुधाच्या टेम्पोत घातलं. बीडपर्यंत टेम्पोवाला रडत गाडी चालवत होता. मागं कॅनच्या मधे वहिनी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि मी त्यांचे पाय धरले होते. इतकी वर्षं मी त्या पायांना हसलो होतो. त्या दिवशी ते हातात फार हलके लागले, आणि मला भीती वाटली.

दवाखान्यात छातीला ईसीजीच्या पट्ट्या चिकटेनात. वहिनींनी पदरानं रंग पुसून काढला. लुगडं खराब झालं, पदर काळा झाला, त्या पुसत राहिल्या. रात्र निघाली. दुसऱ्या दिवशी मशीनवर हृदय बघून डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. सेक्रेटरी शुद्धीवर होते. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या भिंती जाड झाल्यात.

सेक्रेटरींनी तोंडावरची नळी बाजूला केली. "जाड म्हंजे मजबूतच ना, साहेब? तो पन मसलच हाय."

"घराच्या भिंती आतून जाड करत गेलं तर राहायला जागा उरते का?" डॉक्टर म्हणाले. "रक्ताला जागा नाही तुमच्या हृदयात. पायावर सूज होती का मधे?"

माझ्या तोंडात पेढ्याची चव आली.

मग डॉक्टरांनी बाटल्यांचं विचारलं. काय घेत होतात, किती वर्षं. सेक्रेटरींनी सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आणि टोचायचं कोण?"

"मपलं म्या..." सेक्रेटरी घाईनं म्हणाले.

"म्या," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टर कागदावर लिहीत होते, ते थांबले. त्यांनी वहिनींकडं पाहिलं, आणि मग पुन्हा लिहायला लागले. रागावले असते तर बरं झालं असतं, असं वहिनी नंतर कितीतरी वेळा म्हणाल्या.

सेक्रेटरी घरी आले. वजन उचलायचं नाही, भरभर चालायचं नाही, मीठ कमी, गोळ्या आयुष्यभर. अंग महिन्याभरात उतरलं. जुने शर्ट पहिल्यांदा त्यांच्या मापाचे झाले. गोदामाची किल्ली टेम्पोवाल्याकडं गेली. सेक्रेटरी पोरांना सांगायचे, मपल्याकडं बघून शिका. पण पोरं बघायची ती भिंतीवरच्या फोटोकडं. तो फोटो काढून टाका म्हणून ते दोनदा बोलले, फोटो राहिला. टेम्पोवाल्याचे दंड त्या पावसाळ्यात चांगले भरले.

घरात मात्र वेगळंच झालं होतं. वहिनींनी सुई धरायची सोडली. छावणीतले डॉक्टर स्वतः घरी आले, दोन जनावरं आडवी आहेत, चला म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "मपला हात चालत न्हाई आता." स्वतःची गाय तापानं फणफणली तरी त्या गोठ्यात बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि दुसऱ्या गावच्या माणसाला बोलावून आणलं. सेक्रेटरींना हे सहन होत नव्हतं. ते मला म्हणाले, "म्या मेलो असतो तर मपलं म्या गेलो असतो. हिचा हात कशापायी गेला?" मी म्हणालो, घरी बोला की. ते म्हणाले, घरी काय बोलायचं असतं ते मला येत न्हाई.

सभेत बोलायचं त्यांना येत होतं. सप्टेंबरात संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा पत्र्याच्या शेडमध्ये भरली. पाऊस थोडा पडला होता, लोक बऱ्या मनानं आले होते. अहवाल झाला, नफा-तोटा झाला. चेअरमन आयत्या वेळच्या विषयांवर आले, म्हणजे खरं तर चहावर आले, तेवढ्यात सेक्रेटरी उठले. सरळ, हात अंगाला लावून. आणि ठराव वाचल्यासारखं बोलले:

"संस्थेचे सचिव यांनी आपल्या मर्जीने अपायकारक इंजेक्शने घेऊन स्वतःच्या प्रकृतीची हानी करून घेतली असून, त्यात त्यांच्या पत्नीचा कोणताही दोष नाही, असे ही सभा ठरवते. सूचक, म्या. अनुमोदक पायजे."

चेअरमननी घसा साफ केला. "सेक्रेटरी, ह्यो इषय दुधाचा हाय का?"

"भेसळीचा हाय," सेक्रेटरी म्हणाले.

शेडमध्ये एवढी माणसं, कोणाचा हात वर होईना. मी माझा उचलणार तेवढ्यात बायकांच्या बाजूनं वहिनी उभ्या राहिल्या. म्हशी त्यांच्या नावावर होत्या, म्हणून त्या सभासद होत्या, पण सभेत कधी बोलल्या नव्हत्या.

"मपला इरोध हाय," त्या म्हणाल्या.

"वहिनी, ठराव तुमच्याच बाजूनं हाय," चेअरमन म्हणाले.

"कळलं मला. ह्यांनी सांगितलं शक्तीचं हाय, म्या टोचलं. म्हशीला टोचायचं असतं तर आधी चार जनांना इचारलं असतं. कशाचं हाय, किती द्यायचं, गाभन जनावराला चालतं का. हितं न्हाई इचारलं. नवरा हाय म्हून न्हाई इचारलं."

"अगं, म्या खोटं सांगितलं तुला," सेक्रेटरी सगळ्यांच्या देखत म्हणाले.

"माहिती हाय. तरी निम्मा दोष मपला. त्यो मला पायजे."

सेक्रेटरी तसेच उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. इतक्या वर्षांत त्यांचं "मपलं म्या बघीन" कोणी खोडलं नव्हतं. मलाही रडू आलं, आणि मी टेस्टिंगच्या बाटल्या मोजायच्या निमित्तानं खाली वाकलो.

"मग लिहू काय?" चेअरमन हळूच म्हणाले.

बायकांमध्ये मागं एक बाई बसली होती, आमच्या टेम्पोवाल्याची आई. ती बसल्या जागेवरून वहिनींना म्हणाली, "ती बाटली कशी असती हो?"

वहिनींनी वळून बघितलं. "बोटाएवढी. वर रबराचं बूच. आत पिवळसर, तेलावानी."

"आन टोचायचं ते कमरंलाच?"

"कमरंलाच."

ती बाई थोडा वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत राहिली. मग डोक्यावर पदर घेतला, उठली आणि कोणाशी न बोलता घराकडं निघाली. तेवढ्यात चहा आला. सेक्रेटरींनी तो घेतला नाही. ते तिच्या मागं निघाले, डॉक्टरांनी मनाई केलेली असतानाही भरभर, आणि त्यांच्या मागं वहिनी.